नक्षी आधी की झीज आधी? कोरीव लिव्हर-ॲक्शन रायफली जमवू पाहणाऱ्यांसाठी

माझी पहिली कोरीव रायफल खोटी निघाली. रायफल खरीच होती, विंचेस्टर कंपनीचं १८७३ चं मॉडेल, सन १८८४ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलेली. खोटी होती ती तिच्यावरची नक्षी. फ्रेम म्हणजे नळी आणि दस्ता यांच्या मधला धातूचा भाग. तिच्या डाव्या अंगाला शिंगाळा एल्क, म्हणजे तिकडचं मोठं हरीण, उजवीकडे अस्वल, भोवती वेलबुट्टी. विकणारा म्हणाला, "कारखान्यातलंच काम आहे", आणि मी मान डोलावली. काही महिन्यांनी कारखान्याच्या नोंदीचा उतारा मागवला. त्यात होतं: रायफल, अष्टकोनी नळी, साधा चाप. नक्षीचं नाव नाही. मग पहिल्यांदा दहापट भिंग घेऊन बसले. एल्कच्या शिंगाची एक रेघ गंजाच्या बारीक खड्ड्यात उतरत होती आणि पलीकडच्या काठाने वर चढत होती. खड्डा पडायला पन्नास-साठ वर्षं लागली असतील. रेघ त्याच्याही नंतरची होती.

या छंदातलं निम्मं शहाणपण त्या एका रेघेत आहे. नक्षी किती सुंदर आहे हा प्रश्न मागाहून विचारायचा. आधी बघायचं ते हे, की बंदूक आणि नक्षी एकत्रच म्हातारी झाली आहे का.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत असते. आजीच्या पितळी तांब्यावरचं नाव घासून घासून अर्धं पुसलेलं असतं. काठाखालच्या खोबणीत मात्र ते स्पष्ट वाचता येतं, कारण तिथे चिंच आणि राख पोचलेली नसते. तोच तांब्या कुणी काल मशीनवर नेऊन नव्याने नाव घालून आणला, तर आंधळ्यालाही बोटाने कळेल. रायफलीचंही असंच असतं. फरक एवढाच, की तांब्याला कुणी लाखभर डॉलर देत नाही, म्हणून तिथे कुणी फसवतही नाही.

पहिली पायरी: कायदा

हा विषय अमेरिकेतला आहे. बंदुका तिथल्या, बाजार तिथला, म्हणून कायदाही तिथलाच. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार १८९८ साल संपेपर्यंत बनलेली बंदूक 'अँटिक' ठरते आणि फेडरल कायद्याच्या 'फायरआर्म' या व्याख्येबाहेर जाते. ती विकत घ्यायला परवानाधारक दुकानदार मधे लागत नाही. १८९९ किंवा त्यानंतरची असेल तर नेहमीची सगळी प्रक्रिया आली. पन्नास वर्षांहून जुन्या बंदुका जमवणाऱ्यांसाठी 'क्युरिओ अँड रेलिक' नावाचा संग्राहक परवाना असतो, तीन वर्षांना तीस डॉलर. दोन-चार बंदुकांनंतर बहुतेक जण तो काढून ठेवतात.

साल ठरतं ते फ्रेमच्या अनुक्रमांकावरून. जुन्या छापील तक्त्यांतली सालं आणि कारखान्याच्या मूळ नोंदींतली सालं काही मॉडेलांच्या बाबतीत जुळत नाहीत. क्रमांक १८९८ च्या सीमेवर घुटमळत असेल तर तक्त्यावर विसंबू नका, नोंदीचा उतारा मागवा.

राज्यांचे कायदे वेगळे. एडिसन-प्रिन्स्टनकडच्या मंडळींनी खास लक्ष द्यावं: न्यू जर्सीत नुसतं वय पुरत नाही, त्या बंदुकीचं काडतूस आजही बाजारात मिळतं का तेही बघतात. विंचेस्टर १८७३ चं .४४-४० काडतूस अजून मिळतं, म्हणजे शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जी अँटिक तीच नदी ओलांडली की अँटिक नाही. न्यूयॉर्क शहराचे नियम आणखी निराळे. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असाल तर आधुनिक बंदूक आणि काडतुसं बाळगायला मोजके अपवाद सोडता फेडरल मनाई आहे. अँटिक त्या मनाईत येत नसली तरी शोभेसाठी म्हणून बाजूला ठेवलेलं एक जिवंत काडतूस तुम्हाला अडचणीत आणू शकतं. शंभर-दोनशे डॉलर वकिलाला द्या आणि लेखी उत्तर घ्या.

आणि भारतात न्यायचा विचार सोडून द्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुराणवस्तूंना सूट आहे, पण दुरुस्ती करूनही जी चालवता येणार नाही अशाच हत्याराला. चांगल्या स्थितीतली विंचेस्टर त्यात बसत नाही, आणि ती बसावी म्हणून तिची नळी बुजवणं हे पाप आहे.

दुसरी पायरी: घराणं ओळखा

लिव्हर-ॲक्शन म्हणजे चापाभोवतीचं लोखंडी कडं खाली ओढलं की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि वर ढकललं की नवं आत बसतं. या कुळाचं गाव कनेक्टिकटमधलं न्यू हेवन. तिथे बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० मध्ये पेटंट घेतलं ती हेन्री रायफल, नळीखालच्या मॅगझिनमध्ये सोळा गोळ्या मावणारी. १८६६ पर्यंत साधारण चौदा हजार बनल्या. अब्राहम लिंकनला भेट दिलेली सहा क्रमांकाची, सोन्याने मढवलेली कोरीव हेन्री वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे.

मग ऑलिव्हर विंचेस्टरच्या नावाने कंपनी झाली आणि १८६६ चं मॉडेल आलं. तिची फ्रेम पिवळ्या गनमेटलची, म्हणून टोपणनाव 'यलो बॉय'. आपल्या पितळेची बहीणच. हा धातू मऊ, छिन्नीला लोण्यासारखा, म्हणून कोरीव कामाला कारागिरांची ही लाडकी. सुमारे एक लाख सत्तर हजार निघाल्या. १८७३ ला लोखंडी, पुढे पोलादी फ्रेम आली. ही सर्वांत गाजलेली, सात लाखांहून जास्त. १८७६ हे तिचं थोराड भावंड. तरुण थिओडोर रूझवेल्टकडे १८७६ ची कोरीव रायफल होती, हरणाच्या कातड्याचा पोशाख घालून ती हातात धरलेला त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ ही जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून निघालेली मॉडेलं. न्यू हेवनमध्येच मार्लिनचाही कारखाना होता. मार्लिन १८८१, १८८९ आणि १८९३ यांच्या कोरीव बंदुका त्याच तोडीच्या असून बहुधा स्वस्त पडतात. नवशिक्याने मार्लिनकडे दुर्लक्ष करू नये असं माझं मत आहे. विंचेस्टरवाले ऐकत नाहीत.

सुरुवातीला एकच मॉडेल धरा. सगळं थोडं थोडं घेणाऱ्याची नजर कशातच तयार होत नाही.

तिसरी पायरी: वर्षभर नुसतं बघा

यलोस्टोनला आपली मंडळी दर उन्हाळ्यात जातातच. पूर्वेच्या फाटकातून बाहेर पडलं की तास-सव्वा तासावर वायोमिंगमधलं कोडी गाव आहे. तिथल्या बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टमध्ये कोडी फायरआर्म्स म्युझियम आहे, २०१९ मध्ये नव्याने मांडलेलं. विंचेस्टर कंपनीचा स्वतःचा संग्रह तिथे आहे. गीझर बघून थकलेल्या मुलांना बाकावर बसवा आणि एक दुपार इथे द्या. पूर्व किनाऱ्यावर असाल तर व्हर्जिनियात फेअरफॅक्सला नॅशनल फायरआर्म्स म्युझियम आहे.

बघताना एक शिस्त पाळा. एकाच कपाटासमोर उभं राहून खरी नक्षी कागदावर पेन्सिलीने उतरवा. चित्रकला येत नसली तरी चालेल. वेल कुठून निघते, किती वेळा वळते, पान टोकाला कसं मिटतं, रिकाम्या जागेत ठिपके आहेत की आडव्या-उभ्या रेघा, हे हाताला कळलं की मग डोळ्याला कळतं.

ओक्लाहोमातल्या टल्सा गावात वर्षातून दोनदा प्रचंड मोठं आर्म्स शो भरतं. तिथे पहिल्या खेपेला पाकीट गाडीतच ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

चौथी पायरी: हात ओळखायला शिका

या बंदुकांवरचं उत्तम काम बहुतेक जर्मन भाषकांनी केलेलं आहे. युरोपातून आलेल्या कारागिरांनी कनेक्टिकट आणि न्यूयॉर्कमध्ये कामं घेतली. गुस्ताव यंग (१८२७–१८९५) कोल्टकडे काम करायचा, पुढे स्मिथ अँड वेसनकडे. त्याच्या पठडीत तयार झालेले हर्मन, कॉनराड आणि जॉन हे उलरिख बंधू. विंचेस्टरवर सर्वांत जास्त दिसतं ते जॉन उलरिखचं काम, आणि कॉनराडने पुढे बरीच वर्षं मार्लिनसाठी कोरलं. जॉनची सही बघायची जागा म्हणजे चापामागची खालची टँग. टँग म्हणजे फ्रेमची दस्त्यात शिरणारी जीभ. तिथे बारीक अक्षरांत 'जे. उलरिख' असा छाप असतो. पण नक्कल करणारेही हे जाणतात, म्हणून सही हा शेवटचा पुरावा, पहिला नाही.

न्यूयॉर्कचा एल. डी. निम्श्के (१८३२–१९०४) कुणाच्या कारखान्यात नव्हता. त्याचं स्वतःचं दुकान होतं आणि व्यापारी त्याच्याकडे बंदुका पाठवायचे. त्याची एक सवय आज सगळ्यांच्या कामी येते: काम संपलं की तो नक्षीत काजळी-शाई भरून पातळ कागदावर तिचा ठसा उचलायचा आणि वहीत चिकटवायचा. ती वही टिकली. एखादी बंदूक त्याची आहे की नाही हे त्या ठशांशी ताडून बघता येतं. आपल्या एकाही तांबट-सोनाराने असं केलं असतं तर, असं मनात येतंच.

सोन्याच्या कामाबद्दल थोडं. आपल्याकडच्या कोफ्तगरीत पोलादावर बारीक आडव्या-उभ्या ओरखड्यांची जाळी करून त्यावर सोन्याची तार ठोकतात. उलरिखच्या हातचं जडाव काम वेगळं आहे. तिथे पोलादात खोबण कोरून तिचे काठ आतल्या बाजूने तासतात, म्हणजे तोंड अरुंद आणि पोट रुंद. मग सोनं आत दाबलं की ते फुगून अडकतं. भिंगातून अशा सोन्याचा काठ स्वच्छ, सरळ आणि पोलादाच्या पातळीला किंवा किंचित वर दिसतो. काठाशी फट किंवा चिकटद्रव्य दिसलं तर बंदूक परत द्या.

१८९७ मध्ये विंचेस्टरने 'हायली फिनिश्ड आर्म्स' नावाचा कॅटलॉग काढला. त्यात नक्षीचे एक ते दहा क्रमांक आहेत, क्रमांक जितका लहान तितकं काम भारी. दस्त्यावरच्या लाकडी कोरीव कामाला ए ते एच अशी अक्षरं. लिलावाच्या यादीत 'नंबर फाइव्ह' वगैरे वाचलंत तर ते इथलं आहे.

पाचवी पायरी: बंदूक हातात घेतल्यावर

मालकाला विचारल्याशिवाय लिव्हर हलवू नका. परवानगी मिळाली की नळी सुरक्षित दिशेला ठेवून लिव्हर उघडा आणि चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, डोळ्याने आणि करंगळीने तपासा. मग बाजूच्या लोडिंग गेटमधून मॅगझिनमध्ये डोकावा. नळीखालच्या त्या नळकांड्यात शंभर वर्षांपूर्वीचं काडतूस अडकून राहिलेलं सापडतं, हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. हॅमर, म्हणजे बंदुकीचा घोडा, रिकामा आपटू नका.

आता नक्षीआधी बाकीचं बघायचं. हा क्रम मुद्दाम असाच आहे, कारण एकदा एल्कच्या डोळ्यांत डोळे घातले की माणूस बाकीचं बघत नाही.

नळीवरचा कंपनीचा पत्ता वाचा. अक्षरांच्या कडा बोथट, काही अक्षरं पुसट आणि पृष्ठभाग आरशासारखा असेल तर कुणीतरी चाकावर धरून पॉलिश केलं आहे. स्क्रूच्या भोवती बघा: मूळ धातू स्क्रूच्या काठापर्यंत सपाट असतो. पॉलिश केलेल्या बंदुकीत स्क्रूभोवती बशीसारखा उतार येतो. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर ती वारंवार उघडली गेली आहे. फ्रेमचे कोपरे बोटाने चाचपा. कारखान्यातून आलेली कड टोकदार असते, नुसती हाताळून झिजलेली असली तरी ती वापराच्या जागीच झिजते, सगळीकडे सारखी नाही.

वापराच्या जागा कुठल्या? बंदूक एका हातात तोलून चाललं की बोटं फ्रेमच्या पोटाखाली आणि पुढच्या कडांवर येतात. तिथे झीज सर्वांत जास्त. हॅमरच्या कडेला, लिव्हरच्या आतल्या वळणात आणि १८७३ च्या वरच्या सरकत्या झाकणाखाली हात पोचत नाही. आता नक्षीकडे या. पोटाखालची वेल उथळ, विरलेली आणि हॅमरजवळची खोल, करकरीत, असं असेल तर समाधान. पोटाखालची आणि हॅमरजवळची सारखीच करकरीत, आणि धातू मात्र सगळा तपकिरी, तर भिंग काढा.

भिंगातून काय शोधायचं? हातोडी-छिन्नीने कोरलेली रेघ सलग दिसली तरी ती बारीक बारीक ठोक्यांची असते. वळणावर तर पायऱ्यांसारखे लहान पैलू स्पष्ट दिसतात. लेझरची किंवा आम्लाने काढलेली रेघ सगळीकडे एकाच खोलीची, तळ खरबरीत, वळणावर पैलू नाहीत. इटलीत १८६६ आणि १८७३ च्या उत्तम प्रतिकृती बनतात. तिथल्या कारागिरांचा हातही चांगला असतो आणि अशी बंदूक काळवंडवून जुनी म्हणून फिरवणारे महाभाग आहेत. नळीच्या तळाला, दस्त्याच्या पुढच्या लाकडाखाली इटालियन तपासणीचे चिमुकले शिक्के असतात. ते घासून काढलेले असतील तर तिथे एक खोलगट सपाट जागा राहते.

गंजाच्या खड्ड्याची कसोटी वर सांगितलीच. खड्डा रेघेला खातो आहे की रेघ खड्ड्यात उतरते आहे? खड्ड्याने खाल्लेली रेघ काठाशी तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. खड्ड्यात उतरलेली रेघ आत चकाकते. हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

१८७३ ला दोन्ही बाजूंना सुटणाऱ्या पट्ट्या असतात. कारागीर त्या बसवलेल्या अवस्थेतच कोरायचा, त्यामुळे वेल सांध्यावरून न अडखळता पुढे जाते. सांध्याशी पान अर्धं तुटून पलीकडे केसभर वर-खाली सुरू होत असेल तर पट्टी बदललेली आहे किंवा नक्षी नंतर जोडलेली आहे. मी आता १८७३ हातात घेतली की आधी हा सांधा बघते. नंतर खूप वेळ वाचतो.

भारी दस्त्याच्या बंदुकांवर जुळणीचे क्रमांक असतात: वरच्या टँगच्या बाजूला, दस्त्याच्या खोबणीत आणि मागच्या लोखंडी पाटीच्या आतल्या अंगाला. तिन्ही सारखे हवेत. ते बघायला दस्ता काढावा लागतो. मालक नाही म्हणाला तर किंमतही त्याच हिशेबाने सांगायची.

इतकं करून नक्षी तीनपैकी कुठली ते ठरवा: कारखान्यात झालेली, त्याच काळात बाहेरच्या कारागिराकडून करून घेतलेली, किंवा नंतर घुसडलेली. दुसऱ्या प्रकाराला कमी समजू नका. निम्श्केचं काम या वर्गातलं, आणि त्याची किंमत पुष्कळदा कारखान्याच्या कामापेक्षा जास्त येते.

सहावी पायरी: कागद

विंचेस्टर आणि मार्लिनच्या जुन्या खतावण्या कोडीच्या त्याच संग्रहालयाच्या ग्रंथालयात आहेत. फी भरली की अनुक्रमांकाची नोंद पत्रावर मिळते: नळी कुठली, चाप कुठला, मालखान्यात कधी आली, कुठल्या तारखेला पाठवली, काही खास काम होतं का. सगळ्या मॉडेलांच्या नोंदी मात्र टिकलेल्या नाहीत. १८९४ च्या ३,५३,९९९ क्रमांकापर्यंतच्याच आहेत, १८६६ च्या फक्त शेवटच्या क्रमांकांच्या. हेन्रीच्या बाबतीत कारखान्याच्या पत्राची आशा धरू नका. तिथे धातू वाचता आला पाहिजे.

पत्राला देवाची आज्ञा समजू नका. खतावणी लिहिणारा कारकून चुकायचा, गाळायचा. पण पत्रात 'कोरीव' असेल आणि बंदुकीवर काम तसंच असेल तर किंमत एकदम वेगळ्या मजल्यावर जाते. नेमक्या याच कारणाने साध्या बंदुकीवर दुसऱ्याच कोरीव बंदुकीचा क्रमांक चढवण्याचे प्रकार होतात. म्हणून क्रमांकाचे आकडेही भिंगातून बघा: त्याच काळच्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बंदुकीवरच्या आकड्यांचं वळण जुळतं का, आजूबाजूची पातळी खोल गेली आहे का.

सर्वांत जास्त खोटेपणा 'वन ऑफ वन थाउजंड'मध्ये. १८७५ च्या कॅटलॉगमध्ये विंचेस्टरने जाहीर केलं की नेमबाजीच्या चाचणीत ज्या नळ्या उत्तम ठरतील त्यांच्या रायफली खास सजवून, नळीवर ते शब्द कोरून शंभर डॉलरला विकू. १८७३ मॉडेलच्या अशा सुमारे १३५ बनल्या, १८७६ च्या पन्नासच्या आसपास. १९५० मध्ये एका हॉलिवूड चित्रपटाच्या जाहिरातीसाठी स्टुडिओने देशभर दवंडी पिटून उरलेल्या शोधल्या, आणि तेव्हापासून त्यांच्या नकलांना ऊत आला. कुणी नवशिक्याला 'स्वस्तात' अशी देऊ केली तर चहा प्या आणि उठा.

नाव घातलेल्या बंदुकांचीही वेगळी जात आहे. आपल्या भांड्यांवर 'सप्रेम भेट' असतं तसं. १८८६ मॉडेलची एक क्रमांकाची रायफल अपाची योद्धा जेरोनिमो याचा पाठलाग करणाऱ्या अमेरिकी सैन्यातल्या कॅप्टन लॉटनला त्याच्या मित्राने दिली होती. तिच्यावर नक्षीचा बडेजाव नाही, फक्त 'अल्बीकडून लॉटनला' एवढाच अर्थ. २०१६ मध्ये रॉक आयलंड या लिलाव कंपनीच्या लिलावात तिला साडेबारा लाख डॉलरहून जास्त किंमत आली. पण अशी किंमत नावाला नाही, नावामागच्या कागदपत्रांना येते. 'आमच्या पणजोबांना शेरीफने दिली' ही गोष्ट पत्राशिवाय फुकट ऐकायची.

सातवी पायरी: पैसे

बऱ्या अवस्थेतली साधी १८७३ काही हजार डॉलरला मिळते. कारखान्यात कोरलेली, सही असलेली, पत्र असलेली तीच बंदूक लाखाच्या घरात जाते. या दोघींच्या मधल्या दरीत फसवणूक राहते. पहिली बंदूक साधीच घ्या, आणि ती न पॉलिश केलेली घ्या. तिच्याकडे बघून मूळ धातू कसा दिसतो हे रोज डोळ्यांत भरेल. पुढची प्रत्येक बंदूक तुम्ही तिच्याशीच ताडून बघाल.

लिलावात बोलीवर खरेदीदाराचं कमिशन चढतं, बऱ्याचदा वीस टक्क्यांच्या आसपास. ते आधी वजा करून बोलीची मर्यादा ठरवा आणि कागदावर लिहून खिशात ठेवा. यादीतले शब्द जपून वाचा. 'कारखान्यात कोरलेली' आणि 'कारखान्याच्या पद्धतीची' यांत लाख डॉलरचं अंतर आहे. विकणाऱ्याकडून लेखी घ्या: नक्षी कुठली, आणि तसं नाही निघालं तर किती दिवसांत पैसे परत. लेखी द्यायला जो कचरतो त्याने उत्तर दिलेलंच आहे.

आठवी पायरी: घरी आणल्यावर

पॉलिश करू नका. पितळी समई चिंचेने घासणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे फार जड जातं, मलाही गेलं. यलो बॉयच्या फ्रेमवरचा मधासारखा काळसर रंग दीडशे वर्षांनी आलेला आहे. ब्रासो लावलात की दहा मिनिटांत किंमत आणि पुरावा दोन्ही जातं. स्टील वूलही नको.

हाताळताना सुती किंवा नायट्राइल मोजे, कारण घामातलं मीठ रात्रीत बोटांचे ठसे गंजवतं. लोखंडावर संग्रहालयात वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण किंवा पातळ तेलाचा अगदी पुसट हात. नक्षीत तेल साचू देऊ नका, त्यावर धूळ बसून घट्ट होते. लाकडाला तेल पाजू नका. चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत कायम ठेवू नका, दोन्ही ओल धरून ठेवतात. कपाटात आर्द्रता ४५ ते ५० टक्के, कुलूप, आणि घरात मुलं असतील तर किल्ली वेगळ्या खोलीत.

उडवू नका. यांतल्या बहुतेक बंदुका काळ्या दारूसाठी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या ब्लॅक पावडरसाठी बनल्या. १८७३ ची बंद होण्याची कडी कमजोर आहे, आजच्या जोरकस काडतुसाने ती फाटू शकते, आणि फाटते तेव्हा चेहऱ्याजवळ फाटते. नेमबाजीची हौस असेल तर इटालियन प्रतिकृती घ्या. त्या त्याचसाठी आहेत.

फोटो काढा, दोन्ही बाजूंनी आणि सांध्यांचे जवळून. विम्याच्या कंपनीला 'जुनी बंदूक' एवढं सांगून चालत नाही, संग्रहाची वेगळी पॉलिसी लागते.

आणि प्रत्येक बंदुकीसोबत एक चिठ्ठी ठेवा: कुठून घेतली, किती दिले, काय कळलं, काय नाही कळलं. माझी ती पहिली १८७३ मी विकली नाही. नव्याने शिकायला कुणी आलं की भिंग आणि ती बंदूक त्याच्या हातात देते आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला जाते. तिच्या दस्त्याला दोऱ्याने एक कार्ड बांधलेलं आहे: "रायफल १८८४ ची. नक्षी नंतरची. डावी बाजू, एल्कचं मागचं शिंग, तिसरं टोक बघा."